पोराला मनाच्या डॉक्टरकडे नेण्याआधी

आपल्याकडे घरात औषध दोन तऱ्हेचं असतं. एक तापाचं, दुसरं कपाशीवर फवारायचं, आणि शब्द दोघांनाही एकच. म्हणून तयारी आधार कार्डापासून नाही, फवारणीच्या औषधापासून सुरू करा. बाटल्या, अर्धवट उरलेल्या पुड्या, उंदराचं औषध, सगळं कुलपात गेलं पाहिजे. किल्ली खुंटीला टांगायची नाही, घरातल्या एकाच मोठ्या माणसाजवळ राहील. कोठ्यात वरच्या फळीवर ठेवलं म्हणजे झालं, असं समजू नका. चौदा वर्षांच्या पोराचा हात आता तुमच्या हाताएवढाच पोचतो. कृषी केंद्रात उधारीवर मिळतं म्हणून जास्तीचंही आणायचं नाही. ‘आमचं पोरगं तसं नाही’ हे मी प्रत्येक घरी ऐकलंय. नसेलही. कुलूप लावायला काय जातं?

आणि पोराला सरळ विचारा, ‘मरून जावंसं वाटते का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट कोणीतरी विचारलं म्हणून पोरं बोलती होतात. ‘हो’ म्हटलं, तर ओपीडीच्या वाराची वाट पाहायची नाही. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८.

एवढी घाई नसेल, तर एक वही घ्या. झोप किती, जेवण कसं, शाळा कोणत्या तारखेपासून बुडाली, क्रिकेटला जाणं कधी बंद झालं, हे तारखेनिशी लिहा. डॉक्टरांपुढे आपण ‘लय चिडतो जी’ एवढंच बोलतो आणि पोळ्याच्या आधीपासून पोरगी रात्रभर जागीच असते, हे सांगायचं राहून जातं. घरातलंही लिहा: कर्ज, बापाची दारू, कोणाचं मरण. भगताकडे नेलं असेल तर तेही लिहा, लाजू नका. डॉक्टरांना ते नवीन नाही, आणि भगतानं काही प्यायला दिलं असेल तर त्यांना कळायलाच हवं.

कुठं जायचं, हे आशाताईला विचारा. मनाचे डॉक्टर म्हटलं की लोकांना नागपूरचं मनोरुग्णालयच आठवतं. तिथं जायची गरज बहुतेकांना पडत नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, आणि पुष्कळ ग्रामीण रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुलांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहे, तिथं समुपदेशक बसतात. वर्ध्याकडच्यांना सेवाग्रामचा दवाखाना जवळ, यवतमाळ-अकोल्याला सरकारी मेडिकल कॉलेज. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसे लागत नाहीत. मेडिकल कॉलेजला मात्र थोडे सुटे जवळ ठेवा. वार आणि वेळ आधी विचारून घ्या, नाहीतर एस.टी.चं भाडं वाया. तोवर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर पोराच्याच मोबाईलमध्ये टाकून द्या. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात, आणि आपल्यासमोर जे बोलवत नाही ते पोरगं तिथं बोलू शकतं. आईबापानंही लावायला हरकत नाही.

आता सगळ्यात अवघड काम. पोराला खरं सांगा. माझ्या पुतण्याला आम्ही ‘डोळे तपासायला चाललो’ म्हणून नेलं होतं. दारावरची पाटी वाचून तो पायरीवरच बसला. ‘पागल समजता का मले?’ एवढंच बोलला. दुपारच्या गाडीनं परत आलो. पुन्हा तयार व्हायला त्याला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत तो आमच्याशी धड बोलला नाही. तेव्हा आदल्या दिवशी नाही, चार-पाच दिवस आधी सांगा: झोप लागत नाही, त्याच्यासाठी डॉक्टर पाहू. सोबत कोण हवं, ते त्यालाच ठरवू द्या. मामा म्हणाला तर मामा. फक्त अठराच्या आतल्या मुलासाठी संमती पालकाची लागते, म्हणून आई किंवा बाबा हवेतच. पोरीला बाईशीच बोलायचं असेल तर केसपेपर काढतानाच तसं सांगा. गावाला काय सांगायचं, तेही घरात एकदा ठरवून टाका, म्हणजे आजी एक आणि काका दुसरं सांगणार नाहीत.

पिशवीत आधार, जुने केसपेपर, चालू गोळ्यांची पाकिटं, ती वही, डबा, पाणी. नंबर उशिरा लागतो.

आत गेल्यावर डॉक्टर तुम्हाला बाहेर थांबायला सांगतील. थांबा, आणि परतीच्या गाडीत ‘काय काय सांगितलं?’ विचारू नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर मात्र पोक्सो, म्हणजे मुलांना त्यापासून वाचवायच्या, कायद्यानं डॉक्टरांना ती कळवावीच लागते. तेव्हा बदनामीच्या भीतीनं पोरीला गप्प करू नका.

गोळ्या दिल्या तर तिथंच विचारून घ्या: कशासाठी, किती दिवस, काय त्रास होऊ शकतो, एखाद दिवस चुकली तर काय. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून किंवा बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. पहिल्या आठवड्यांत पोराकडे जास्तच लक्ष हवं. बेचैनी वाढली किंवा मरणाची भाषा आली तर लगेच कळवा. हे औषधसुद्धा त्याच कुलपात, रोजची गोळी मोठ्यांच्या हातून.

पुढची तारीख घेताना पेरणी आणि वेचणी डोळ्यांपुढे असू द्या. ‘कापूस निघाला की जाऊ’ म्हणता म्हणता तारीख बुडते. आपणच आधी सांगितलं तर डॉक्टर आठवडाभर मागंपुढं करून देतात. त्या दिवशी वावर कोण पाहणार आणि पोरासोबत गाडीत कोण बसणार, हे घरी पोचायच्या आत ठरवून टाका.