बॅलेच्या नव्या हंगामाची तयारी : लंडनच्या मंडळात नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी

लंडनमधला बॅलेचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतो आणि जून-जुलैपर्यंत चालतो. आमच्या बॅलेप्रेमी मंडळात यंदा काही मराठी कुटुंबं नव्याने आली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वर्गणी भरणं, ईमेलच्या यादीत नाव घालणं ही कामं ऑगस्टमध्येच उरकून टाका. मंडळाचे कार्यक्रम मुख्यतः तीन तऱ्हेचे असतात : कलावंतांशी गप्पांची संध्याकाळ, एखाद्या बॅले कंपनीचा म्हणजे नृत्यसंस्थेचा सकाळचा क्लास (नर्तकांचा रोजचा सराव) किंवा तालीम बघायला जाणं, आणि सगळ्यांनी मिळून प्रयोगाला जाणं. नवे सभासद सगळी तयारी प्रयोगाची करतात. कपडे काय घालायचे इथपासून विचारतात. माझं ठाम मत आहे की तयारी पहिल्या दोन गोष्टींची करावी. ज्याने क्लास नीट पाहिला, त्याला प्रयोगात कोण काय करतंय हे दिसायला लागतं, आणि मगच टाळी योग्य जागी पडते.

म्हणून कॅलेंडरवर सगळ्यात आधी क्लासच्या तारखा लिहा. स्टुडिओत बसायच्या जागा मोजक्या असतात आणि आलेल्या ईमेलला त्याच दिवशी उत्तर दिलं तरच जागा मिळते. क्लास सकाळचा असतो, त्यामुळे नोकरी असेल तर अर्ध्या दिवसाची रजा आधीच मांडून ठेवा. जाण्याआधी घरी एक काम करा : वर्ल्ड बॅले डेची जुनी चित्रफीत लावून बघा. 2014 पासून दरवर्षी शरद ऋतूत एक दिवस जगभरातल्या मोठ्या कंपन्या आपले क्लास आणि तालमी इंटरनेटवर फुकट दाखवतात. (पुण्यात, नागपुरात, पणजीत बसलेल्या नातेवाइकांनाही हे सांगा. त्यांना तिकिटाशिवाय इतकं जवळून बॅले बघायची याहून चांगली सोय नाही.) चित्रफितीत क्रम लक्षात घ्या. आधी बारला, म्हणजे आधाराच्या दांड्याला, धरून प्लिए (गुडघे वाकवणं), मग तांद्यू (पाय ताणून जमिनीवरून सरकवणं), मग पाय हळूहळू जमिनीवरून सुटत जातो. शेवटी बार बाजूला सरकतात आणि मधल्या मोकळ्या जागेत संथ तोल, गिरक्या, छोट्या उड्या आणि अगदी शेवटी पूर्ण खोली ओलांडणाऱ्या मोठ्या उड्या. गाणाऱ्याचा पहाटेचा खर्ज असतो तसं हे आहे. रात्री ‘स्लीपिंग ब्यूटी’तली राजकन्या ऑरोरा करणारी मुख्य नर्तिकासुद्धा सकाळी नव्या मुलींच्या शेजारी उभी राहून तेच प्लिए करते.

स्टुडिओत जाताना फोन बंद. आवाज बंद करून खिशात ठेवलेला नव्हे, पूर्ण बंद. फोटो अजिबात नाहीत. रस्त्यावरचे जोडे घालून नाचायच्या जमिनीवर पाऊल टाकू नका, भिंतीच्या कडेने जाऊन बसा. मुलांना आणायचं असेल तर सव्वा तास गप्प बसतील अशीच आणा. मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत. क्लास संपला की नर्तक स्वतःच शिक्षकांसाठी आणि पियानोवादकासाठी टाळ्या वाजवतात, तेव्हा आपणही वाजवाव्यात. पियानोवादकाकडे जरूर लक्ष द्या. शिक्षक दोन शब्दांत आणि हाताच्या खुणेने रचना सांगतात आणि तो माणूस त्याच क्षणी नेमक्या लयीचं काहीतरी वाजवायला घेतो.

क्लासला जाणाऱ्यांना माझी एक खास विनंती आहे : पायांकडे बघा, पण त्याआधी जोडे बघा. कोपऱ्यात बसून कुणीतरी नवे पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचे जोडे, तयार करत असते. त्या टोकाच्या कठीण भागात लाकूड असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तिथे असतात गोणपाटाचे आणि कागदाचे थर, खळ लावून एकावर एक चिकटवलेले आणि भट्टीत वाळवलेले. वरून सॅटिन. फ्रीड ऑफ लंडनसारख्या 1929 पासून चालत आलेल्या कारखान्यात प्रत्येक कारागिराची स्वतःची खूण असते, एखादं अक्षर किंवा छोटं चित्र, आणि ती तळव्यावर उमटवलेली असते. नर्तिका वर्षानुवर्षं एकाच कारागिराचे जोडे मागते, कारण त्याच्या हाताचं माप तिच्या पायाला बसलेलं असतं. नवे जोडे हातात आले की ती तळवा वाकवते, टोक जमिनीवर किंवा दारात ठोकते म्हणजे आवाज कमी होतो, फिती आणि इलॅस्टिक स्वतः शिवते, टोकाला रफू केल्यासारखे टाके घालते, मग कोपऱ्यातल्या पेटीतल्या राळेत पाय घासून उभी राहते. इतकं करून तो जोड मोठ्या भूमिकेत एका प्रयोगाला पुरला तर पुरला. आमच्यासारखी मंडळं उन्हाळी शिबिरांना जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी निधी गोळा करतात, त्यातला किती भाग नुसत्या जोड्यांवर जातो हे एकदा असं जवळून पाहिलं की पावती फाडताना हात आखडत नाही.

आता गप्पांची संध्याकाळ. पाहुणे कोण आहेत हे कळलं की त्यांची कंपनीतली श्रेणी पाहून ठेवा. लंडनच्या रॉयल बॅले या कंपनीत आर्टिस्ट, फर्स्ट आर्टिस्ट, सोलोइस्ट, फर्स्ट सोलोइस्ट आणि प्रिन्सिपल अशी चढती उतरंड आहे. फर्स्ट सोलोइस्टला प्रिन्सिपल म्हणून ओळख करून देणं हे त्यांनाही अवघड वाटतं. घरून दोन प्रश्न लिहून आणा, आणि ते कामाबद्दल असू द्या. वजन, जेवण, दुखापत, लग्न यांवर प्रश्न नकोत. पाहुण्यांनी आपणहून विषय काढला तर गोष्ट वेगळी. ‘ही भूमिका तुम्हाला कुणी शिकवली?’ हा प्रश्न मी सगळ्यांना सुचवते, कारण बॅले अजूनही मोठ्या प्रमाणात एका पिढीने दुसऱ्या पिढीला खोलीत उभं राहून दिलेली गोष्ट आहे, आणि या एका प्रश्नावर कलावंत मोकळे होतात. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना आवाज बदलतो, तसा इथेही बदलतो. नर्तकांखेरीज इतर कुणी पाहुणे येणार असतील तर संध्याकाळ चुकवू नका. बेनेश लिपीत नृत्य लिहून ठेवणारे लोक कंपनीत असतात. जोन आणि रुडॉल्फ बेनेश या जोडप्याने 1955 मध्ये पुढे आणलेली ही पद्धत पाश्चात्त्य संगीताच्या पाच रेषांवरच हात, पाय, डोकं कुठे आहे हे खुणांनी मांडते. ती वही उघडून कुणी समजावून सांगत असेल तर पुढच्या रांगेत बसा.

प्रयोगाच्या तयारीत पहिलं काम कथा वाचणं. बॅलेत शब्द नसतात, त्यामुळे कथा माहीत नसली की पहिला अंक अर्धा हातचा जातो. ‘जिझेल’ 1841 ची पॅरिसची, ‘स्लीपिंग ब्यूटी’ 1890 ची सेंट पीटर्सबर्गची, ‘नटक्रॅकर’ 1892 ची. नाताळात मुलांना घेऊन जाणार असाल तर शेवटची. कथेबरोबर चार-पाच खुणा पाठ करा. दोन्ही हात डोक्यावर एकमेकांभोवती फिरले म्हणजे नाच. डाव्या हाताच्या अनामिकेकडे बोट म्हणजे लग्न. दोन बोटं वर उचलली म्हणजे शपथ. मनगटांची फुली करून मुठी खाली आणल्या म्हणजे मृत्यू. ज्यांनी कथक किंवा भरतनाट्यमचा अभिनय पाहिला आहे त्यांना हे दहा मिनिटांत जमतं. ‘स्वान लेक’च्या दुसऱ्या अंकात हंस झालेली राजकन्या ओडेट राजपुत्राला खुणांनी सांगते की हे तळं माझ्या आईच्या आसवांनी भरलं आहे. रशियन परंपरेतल्या कित्येक प्रयोगांत हा भाग गाळतात, लंडनमध्ये तो जपला आहे. तो क्षण ओळखता आला तर पुढचं सगळं दुःख कळतं.

जागा निवडताना सगळ्यांनी महागड्या खालच्या जागांमागे लागू नये. पावलांचं बारीक काम आणि चेहरे बघायचे तर खाली बसा. समूहाची रचना बघायची तर वर अॅम्फिथिएटरमध्ये, दुर्बीण घेऊन. ‘ला बायादेर’ लागलं तर वरचीच जागा घ्या. त्यात देवळात नाचणारी निकिया आहे, तिचा प्रियकर सोलोर आहे, राजा आहे, फकीर आहेत, आणि हे सगळं 1877 मध्ये मारियस पेतिपाने रशियात बसून रचलं. तो भारतात कधी आला नव्हता. त्यामुळे पहिल्या अंकात आपल्या डोळ्यांना बरंच खटकेल, खटकावंच. त्याबद्दल मध्यंतरात आमच्या इंग्रज सभासदांशी स्पष्ट बोला, त्यांना ऐकायचं असतं. पण छायांचा प्रवेश येईपर्यंत उठू नका. पांढऱ्या वेशातल्या मुली एकेक करून उतारावरून खाली येतात, प्रत्येक जण तीच आराबेस्क (एका पायावर उभं राहून दुसरा मागे ताणणं) घेते, मागे रेलते, दोन पावलं पुढे येते, आणि मागून पुढची. कुठे 24 मुली असतात, कुठे 32. सगळ्यात आधी उतरलेली मुलगी सगळ्यात जास्त वेळा एका पायावर उभी राहते, आणि तिचा पाय थरथरला तर वरून स्पष्ट दिसतो. तिच्यावर दुर्बीण धरा.

वेळेचं सांगायला हवं. उशिरा आलेल्यांना मध्यंतरापर्यंत आत घेत नाहीत असं धरूनच निघा. कॉव्हेंट गार्डन स्थानकात लिफ्टसाठी गर्दी असते आणि जिना 193 पायऱ्यांचा आहे. ज्येष्ठांना घेऊन येत असाल तर लेस्टर स्क्वेअरला उतरून चालत या. रॉयल ऑपेरा हाउसमध्ये आत शिरलात की एकदा सभागृहावर नजर फिरवा. युद्धकाळात इथे लोकांच्या नाचण्याचा हॉल केला होता. 20 फेब्रुवारी 1946 ला निनेत द व्हॅल्वा यांच्या सॅडलर्स वेल्स बॅलेने ‘स्लीपिंग ब्यूटी’ करून ते पुन्हा उघडलं, ऑरोरा होती मार्गो फोंटेन. तीच कंपनी 1956 मध्ये रॉयल बॅले झाली.

जानेवारीच्या अखेरीस गोल्डर्स ग्रीनला पायी फेरी काढावी असा माझा आग्रह आहे, आणि मराठी सभासदांनी तिला यायलाच हवं. जाड कोट, पाणी न शिरणारे बूट, थर्मासमध्ये चहा एवढं सामान पुरे. प्रसिद्ध रशियन बॅले नर्तिका अॅना पाव्हलोव्हा तिथल्या आयव्ही हाउसमध्ये राहत होती, तळ्यात तिने हंस पाळले होते. 23 जानेवारी 1931 ला ती हेगमध्ये वारली आणि तिच्या अस्थी गोल्डर्स ग्रीनच्या दहनभूमीत आहेत. घर बाहेरूनच बघायचं. येण्याआधी नर्तक उदय शंकर यांच्याबद्दल थोडं वाचून या. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला आले, आणि 1923 मध्ये कॉव्हेंट गार्डनला पाव्हलोव्हा राधा आणि ते कृष्ण होऊन नाचले. कथक नर्तिका मादाम मेनका, म्हणजे हाफकिन संस्थेचे संचालक साहेबसिंग सोखी यांच्या पत्नी लीला, यांनाही पाव्हलोव्हाने प्रोत्साहन दिलं होतं. त्यांनी पुढे खंडाळ्यात नृत्याची शाळा काढली. ही गोष्ट तिथे उभं राहून आपल्यापैकीच कुणीतरी बाकीच्यांना सांगावी. पाच मिनिटांचं टिपण करून आणा, मी विचारणार आहे.

राहिली स्वयंसेवकांची तयारी. पाहुण्यांच्या संध्याकाळी दोघांनी अर्धा तास आधी यावं. माइक तपासावा, मंचावर पाणी ठेवावं, खुर्च्या पाठीला आधार देणाऱ्या असाव्यात, कारण दिवसभर तालीम करून आलेल्या माणसाला उंच स्टुलावर बसवू नये. नावांचे उच्चार पाहुण्यांनाच विचारून ओळखीच्या कागदावर देवनागरीत लिहून घ्या. देवनागरीत लिहिलेला उच्चार चुकत नाही. संध्याकाळी प्रयोग असेल तर पाहुण्यांना किती वाजता सोडायचं हे सूत्रधाराला लिहून द्या आणि त्या वेळेला स्वतः उभे राहा. चहाबरोबर काय द्यायचं याची चर्चा दरवर्षी लांबते, यंदा ती करू नये. जे मिळेल ते आणावं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना आभाराचं पत्र गेलंच पाहिजे. चार ओळी पुरतात, त्यात त्यांनी सांगितलेली एक नेमकी गोष्ट घाला, आणि पाकिटावर कंपनीच्या स्टेज डोअरचा (कलावंतांच्या दाराचा) पत्ता टाका.