हुरहूर मोजायची कशी? पियानो, सररिअल चित्रं आणि ऐकणाऱ्यांच्या भावना यावर डेझर्टेशन करणाऱ्यांसाठी

संगीत ऐकून माणसाला आतून काय होतं यावर एमएचं डेझर्टेशन करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे मेसेज मला अधूनमधून येत असतात, बहुतेक सायकॉलॉजीवाले, काही फाइन आर्टचे, एकदोघं तर इंजिनिअरिंग सोडून आलेले. प्रत्येकाला अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. मी स्वतः एरिक सातीच्या पियानोच्या रचना आणि त्यासोबत सररिअल, म्हणजे स्वप्नात दिसावीत तशी विचित्र जोडणीची, चित्रं असं घेऊन काम केलं होतं, म्हणून उदाहरणं त्यातलीच येतील, पण तुम्ही सारंगी घ्या नाहीतर सनई, अडचणी साधारण त्याच येतात.

साती माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. फ्रेंच माणूस, जन्म १८६६ चा, गेला १९२५ मध्ये. 'जिम्नोपेदी' नावाच्या तीन छोट्या रचना त्याने १८८८ मध्ये लिहिल्या, त्यातली पहिली तुम्ही नक्की ऐकली असणार, नाव माहीत नसलं तरी, कारण जाहिरातीत, सिनेमात, झोप लागण्याच्या अ‍ॅपमध्ये सगळीकडे ती वाजत असते. डावा हात एक खालचा सूर टाकतो, मग मधल्या पट्टीत एक कॉर्ड, म्हणजे काही सूर एकदम, परत खालचा सूर, परत कॉर्ड, दोनच कॉर्ड आलटून पालटून, पाळणा हलावा तसं. चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं, नुसतं हेच. पाचव्या बारमध्ये, तेही पहिली मात्रा सोडून दुसरीवर, वरची धून येते, जणू कोणी दारात थांबून मग आत आलं. आता गंमत बघा, हे दोन्ही कॉर्ड मेजर आहेत, पुस्तकात मेजर म्हणजे आनंदी असं लिहिलेलं असतं, पण त्यात सातवा स्वर मिसळलेला आहे, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर सा आणि त्याच्या लगतचा शुद्ध नी एकाच वेळी दाबल्यासारखं. ते अर्ध्या स्वराचं घासणं कानाला बोचत नाही पण मन स्थिरही होऊ देत नाही. सातीने वर सूचना लिहिली आहे, संथ आणि वेदनेनं.

मग सातीच्याच 'नोसियेन' नावाच्या रचना. पहिल्या तीन १८९० च्या सुमाराच्या, आणि त्यात बारच्या रेघाच नाहीत, ताल लिहिलेलाच नाही, वाजवणाऱ्यासाठी मध्येमध्ये वाक्यं लिहिलीत, विचाराच्या टोकावरून, जिभेवर, डोकं उघडा. पहिल्या नोसियेनमध्ये कोमल ग आणि तीव्र म शेजारी शेजारी येतात, मधुवंती रागात असतात तेच, आणि शास्त्रीय संगीत शिकलेल्या एका मुलीने ती ऐकून पहिलं वाक्य हे उच्चारलं की "ताई, मधुवंती लागता लागता राहिली". हे मी वहीत तसंच लिहून ठेवलं.

चित्रांचा संबंध काय, हे व्हायवाला हमखास विचारतात. संबंध आहे आणि खरा आहे. १९१७ मध्ये पॅरिसला 'परेड' नावाचं बॅले झालं, संगीत सातीचं, पडदा आणि कपडे पिकासोचे, कल्पना कॉक्तो या लेखकाची, आणि त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत आपोलिनेर या कवीने सररिअलिझमचा शब्द पहिल्यांदा छापून वापरला. सररिअलिझमचा पुढारी कवी आंद्रे ब्रतों, त्याचा जाहीरनामा त्यानंतर, १९२४ चा. पण हेही लक्षात ठेवा की ब्रतोंला स्वतःला संगीताबद्दल अजिबात प्रेम नव्हतं, चित्रं आणि कविता यांच्यापुढे त्याने संगीताला खालचीच जागा दिली. त्यामुळे "सररिअल संगीत" असा शब्द प्रबंधात ठोकून देऊ नका, परीक्षक माहीतगार निघाला तर अडचण होते. संगीत सातीचं, चित्रं सररिअल, आणि ऐकणाऱ्याच्या मनात दोन्हीचं काय होतं तो आपला प्रश्न, एवढं स्वच्छ ठेवा.

आता मुख्य गोष्ट. या विषयात नवीन येणारा प्रत्येकजण पहिल्याच दिवशी प्रश्नावली शोधतो. मीही तेच केलं. खूप वापरली जाते ती जिनिव्हाची, झेंटनर, ग्रांजाँ आणि शेरर यांनी २००८ मध्ये मांडलेली, ४५ शब्द, ९ गट, त्यात विस्मय आहे, हळुवारपणा आहे, शांतता, ताण, दुःख, आणि एक गट आहे नॉस्टॅल्जियाचा. काम अतिशय चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवत नाहीये. पण ते शब्द तिकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या ऐकणाऱ्यांकडून गोळा केलेले आहेत. मी ते मराठीत आणले, दुसऱ्या मैत्रिणीकडून मराठीतून परत उलट भाषांतर करून तपासले, सगळं नियमाप्रमाणे, आणि फॉर्म घेऊन पहिल्या ऐकणारीकडे गेले, आमच्या शेजारच्या काकू, वय साठच्या पुढे, आयुष्यात पियानो समोर बसून कधी ऐकलेला नाही.

काकूंनी हेडफोन लावून जिम्नोपेदी ऐकली, तीन मिनिटं पापणी हलली नाही, हातातला पदर मात्र बोटाभोवती गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. संपल्यावर मी फॉर्म पुढे केला. 'स्मरणरंजन' या शब्दापाशी थांबल्या, म्हणाल्या हे काय गं? मी समजावलं, जुन्या आठवणी येऊन बरं वाटणं. "नाही गं, आठवण कसलीच नाही आली. पाहुणे गेल्यावर घर कसं होतं ना, सतरंज्या गोळा केल्यायत, कपबशा विसळून झाल्यात, आणि मग दिवेलागणीला उगाच हुरहूर लागते, तसं झालं." फॉर्मवर हुरहुरीला जागाच नव्हती. त्यांनी बिचारीने दुःखासमोर तीन आणि शांततेसमोर चार असं गोल करून दिलं आणि मी ते घेऊन घरी आले, आणि रात्रभर मला वाटत राहिलं की कागदावर जे आलं ते काकूंचं नाहीच.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच, प्रश्नावली हातात घेण्याआधी निदान आठदहा जणांशी नुसतं बसा. एक रचना ऐकवा आणि एकच प्रश्न विचारा, काय झालं? "कसं वाटलं" विचारलं की लोक छान म्हणतात आणि विषय संपतो. "हे संगीत दुःखी आहे का" असं विचारलंत तर शब्द तुम्हीच त्यांच्या तोंडात घातला. काय झालं असं विचारून गप्प बसा, गप्प बसणं फार महत्त्वाचं आहे, आपल्याला दहा सेकंदांची शांतता सहन होत नाही आणि आपण मदत करायला जातो. मला अशा बसण्यातून मिळालेले शब्द म्हणजे हुरहूर, गलबलणं, भरून येणं, पोटात कालवणं, कातरवेळ झाल्यासारखं, कोणीतरी यायचं राहिलंय असं, अंगावर काटा. यातला एकेक शब्द वेगळा आहे. गलबलणं आणि हुरहूर एक नाही, गलबलायला काहीतरी समोर घडावं लागतं, हुरहुरीला कारण लागत नाही. इंग्रजीत ज्याला हाँटिंग म्हणतात त्याचं डिक्शनरीतून "झपाटणारं" करू नका, माझ्या पहिल्या मसुद्यात ते होतं आणि एका मुलाने प्रामाणिकपणे विचारलं की हे भुताचं संगीत आहे का, आणि त्यानंतर त्याला सगळ्या चित्रांत भूतच दिसत होतं, त्याचा डेटा मला बाजूला ठेवावा लागला.

दुसरी गोष्ट थिअरीची, पण ही कळली नाही तर सगळं काम पोकळ होतं. संगीतात ओळखलेली भावना वेगळी आणि स्वतःला झालेली भावना वेगळी. गाब्रिएल्सन नावाच्या स्वीडिश सायकॉलॉजिस्टने हा फरक नीट मांडलाय. ही धून उदास आहे हे ओळखता येतं आणि तरी मी उदास होत नाही, किंवा उलट, उदास धून ऐकून मला हलकं वाटतं. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही, भाव आणि रस यांच्यावर आपल्याकडे शेकडो वर्षं हाच वाद चाललाय, करुण रसातून आनंद कसा मिळतो हा प्रश्न अकरावी-बारावीच्या मराठीच्या बाईंनीसुद्धा फळ्यावर लिहिलेला असतो. अलीकडे वुओस्कोस्की आणि एरोला यांनी २०१७ मध्ये दाखवलं की उदास संगीतातला आनंद थेट उदासीतून येत नाही तर मध्ये "हेलावून जाणं" नावाची एक पायरी असते. हे वाचताना मला काकूंचा पदर आठवला. प्रश्नावलीत दोन वेगळे रकाने करा, संगीतात काय होतं आणि तुम्हाला काय झालं, आणि दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचून दाखवा, कारण लोक दोन्हीकडे तेच भरतात. युस्लिन आणि वेस्टफ्याल यांचा २००८ चा लेखही वाचाच, संगीतातून भावना कोणकोणत्या वाटांनी येते ते त्यात आहे, डोळ्यांसमोर चित्र उभं राहणं ही त्यातलीच एक वाट, आणि आपल्या विषयासाठी तीच कळीची. आणि बॉल्कविल आणि थॉम्पसन यांचा १९९९ चा अभ्यास, पाश्चात्य लोकांना आपले राग ऐकवून भाव ओळखता येतात का यावरचा, आपण उलट दिशेने जातोय म्हणून तो हवाच.

चित्रांमध्ये मी मोठी चूक केली ती सविस्तर सांगते. मी संगीत आणि चित्र एकदम दाखवलं. माग्रीत या बेल्जियन सररिअल चित्रकाराचं 'प्रकाशाचं साम्राज्य' घेतलं होतं, वर दुपारचं निळं आकाश आणि खाली अंधारात बुडालेलं घर, एक रस्त्यावरचा दिवा, बस एवढंच. सोबत नोसियेन. लोक अक्षरशः हलले, एकजण म्हणाला की त्या घरात मी राहिलोय असं वाटलं. मी खूश. मग गाइडने विचारलं की हे चित्राने झालं की पियानोने, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. नुसतं चित्र, नुसतं संगीत आणि दोन्ही मिळून, असे तीन प्रकार लागतात, आणि क्रम प्रत्येकाला बदलून द्यावा लागतो नाहीतर शेवटचं नेहमी जास्त भिडतं किंवा कंटाळ्याने मरतं. दोन महिन्यांचं काम मी परत केलं. परत करताना जे दिसलं ते मात्र मला आजही महत्त्वाचं वाटतं. चित्र नसताना लोक स्वतःच्या जागा सांगत होते, आजोळचा जिना, बंद पडलेली एसटी कँटीन, हॉस्पिटलचा कॉरिडॉर. चित्र आलं की सगळे त्या एका घरात जाऊन बसत. भावना घट्ट झाली पण जागा त्यांची राहिली नाही. हे मी आकड्यांत सिद्ध केलेलं नाही, माझा गट लहान होता, पण तुमच्यापैकी कोणी करत असेल तर हा प्रश्न उचला.

बारीकसारीक पण डोकेदुखीच्या गोष्टी. रेकॉर्डिंग एकच वापरा, सातीच्या या रचना कोणी किती संथ वाजवावं याला धरबंध नाही, दोन पियानोवादक घेतलेत की दोन वेगळी संगीतं होतात. आवाजाची पातळी सगळ्या फाइल्सची सारखी करून घ्या. आधी ऐकलंय का हे नंतर विचारा, आधी नाही. साती जाऊन शंभर वर्षं झाली त्यामुळे रचनांवर कॉपीराइट नाही पण रेकॉर्डिंगवर असू शकतो, आणि माग्रीत गेला १९६७ मध्ये, त्याची चित्रं प्रबंधात छापायची तर परवानगीचं बघावं लागतं. चित्राचा आकारही लिहा, सररिअल चित्रकार दालीचं ते वितळलेल्या घड्याळांचं चित्र प्रत्यक्षात जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटर आहे, वहीच्या दोन पानांएवढं, आणि आपण ते प्रोजेक्टरवर भिंतभर दाखवतो, मग ऐकणारा घाबरला तर तो दालीला घाबरला की भिंतीला?

आणि ही गोष्ट कुणीच आधी सांगत नाही म्हणून सांगते. लोक रडतात. माझ्यासमोर एक जण, चांगला तिशीतला, दुसऱ्या मिनिटाला हेडफोन काढून रडायला लागला, वडील जाऊन चार महिने झाले होते आणि मी भरून घेतलेल्या संमतीपत्रात त्याबद्दल एक ओळही नव्हती. मी नुसती पाण्याचा ग्लास पुढे करून बसले. त्यानंतर मी संमतीपत्रात स्पष्ट लिहिलं की हे संगीत काहींना जड जाऊ शकतं, कधीही थांबवा, कारण द्यायची गरज नाही. आधी विचारायला लागले की अलीकडे घरात कुणी गेलंय का, असेल तर त्यांना घेत नव्हते. कॉलेजच्या समुपदेशकांना आधी सांगून त्यांचा नंबर कागदावर छापला, आणि शेवटी एक हलकीफुलकी रचना ऐकवून, चहा पाजूनच माणसाला सोडायचं असं ठरवलं. तुमच्या एथिक्स कमिटीने हे मागितलं नाही तरी करा.

पुढे काय, हेही विचारतात. याच विषयात मास्टर्स करायचं तर फिनलंडमध्ये यिवास्क्युला विद्यापीठ, लंडनमध्ये गोल्डस्मिथ्स, इंग्लंडमध्येच डरम, ही नावं बघा, फी आणि स्कॉलरशिप दरवर्षी बदलते ती त्यांच्या साइटवरच बघा. स्टॅटिस्टिक्स आत्तापासून शिका, आर नावाची स्टॅटिस्टिक्सची प्रोग्रॅमिंग भाषा शिकलात तर उत्तम. इथे राहून करायचं तरी चालतं, गाइडला संगीत कळत नसलं तरी चालतं, फक्त प्रयोग कसा रचतात हे कळणारा हवा.

वही मात्र कागदाची ठेवा. माझ्या वहीत काकूंचं पान पहिलं आहे, वर तारीख, खाली सतरंज्या, कपबशा, दिवेलागण, आणि शेवटी त्यांनी जाताजाता विचारलेलं, "ते परत लावशील का गं, पण आत्ता नको, उद्या संध्याकाळी लाव."