या चुका टाळा: मुसळधार पावसात क्लाउडकडे निघालेल्या नोंदी हरवतात कुठे?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. अशा पुरात वीज जाते, मोबाइल टॉवरची बॅटरी उतरते आणि पर्जन्यमापक, नदीपातळीमापक आपापल्या मेमरीत नोंदी साठवत बसतात. रेंज आली की सगळे एकदम तुटून पडतात.

समजा, कोकणात ३०० केंद्रं आहेत आणि प्रत्येकाची मिनिटाला एक नोंद येते. रोजचा वेग सेकंदाला फक्त ५. पण १२ तास रेंज नसेल तर २,१६,००० नोंदी तुंबतात. ॲमेझॉन काइनेसिस ही नोंदींचा प्रवाह (स्ट्रीम) झेलणारी क्लाउड सेवा; तिचा एक शार्ड, म्हणजे त्या प्रवाहाची एक वाट, सेकंदाला १,००० नोंदी किंवा १ एमबी घेतो. त्यावरचं सगळं तो परत लावतो. परत लावलेली नोंद हरवत नाही, ती ‘पोचली’ समजून यंत्रातून पुसली की हरवते.

सगळ्यात महाग चूक हीच. पुटरेकॉर्ड्स या काइनेसिसला नोंदी पाठवण्याच्या एका हाकेत ५०० पर्यंत नोंदी जातात. त्यातल्या ८० नाकारल्या तरी उत्तराचा कोड २०० म्हणजे ‘ठीक’ असाच येतो. तेवढ्यावर विसंबून ५०० च्या ५०० पुसल्या, तर पुराच्या ऐन चढत्या पाण्याच्या नोंदी गेल्या. उत्तरातला फेल्डरेकॉर्डकाउंट, म्हणजे नाकारलेल्या नोंदींचा आकडा, शून्य आहे का ते बघा. नसेल तर उत्तरातला क्रम पाठवलेल्या नोंदींसारखाच असतो. ज्या जागी एररकोड दिसेल तेवढ्याच पुन्हा पाठवा, बाकीच्यांवर ‘पोचली’ अशी खूण करा. पुन्हा पाठवताना नोंदींचा क्रम मागेपुढे होतो, म्हणून मोजणीची वेळ यंत्रावरच नोंदीत घाला.

नकार मिळाल्यावर लगेच पुन्हा धडक मारू नका. थांबण्याची मर्यादा १, २, ४, ८ सेकंद अशी ६० पर्यंत वाढवा आणि शून्य ते त्या मर्यादेतला कुठलाही यादृच्छिक वेळ थांबा. सगळे सारखेच थांबले तर गर्दीही सारखीच परत येते. आणि ताजी नोंद आधी, साठा नंतर: खेडला जगबुडीकाठच्या माणसाला आत्ताची पातळी हवी असते.

पार्टिशन की (नोंद कुठल्या शार्डवर जाईल ते ठरवणारी खूण) म्हणून तालुक्याचं नाव देणं ही दिसायला नीटस, पण घातक सवय. ‘चिपळूण’ ही की एकाच शार्डवर जाते. दहा शार्ड केले तरी चिपळूणची सगळी गर्दी त्या एकावरच. केंद्राचा क्रमांक वापरा. ऑन-डिमांड (भाराप्रमाणे क्षमता आपोआप वाढवणारा प्रकार) घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. १५ मिनिटांच्या आत भार आधीच्या शिखराच्या दुपटीपुढे गेला तर तिथंही नकार येऊ शकतो.

वाचणाऱ्या बाजूला, काइनेसिसमध्ये नोंद टिकण्याची मूळ मुदत फक्त २४ तासांची आहे. शनिवारी डेटाबेस अडला आणि सोमवारी कळलं, तर शनिवारचा पाऊस गेला. मुदत १६८ तास करा (जादा पैसे पडतात, पण पावसाळ्यात ते द्यावेत) आणि इटरेटर एज (वाचणारा किती मागे पडलाय ते) तासावर गेलं की अलार्म वाजू द्या. लॅम्डात (नोंदी वाचून तुमचा कोड चालवणारी ॲमेझॉनची सेवा) एक बिघडलेली नोंद मूळ सेटिंगप्रमाणे मुदत संपेपर्यंत अख्खा शार्ड अडवते. पुन्हा प्रयत्नांना मर्यादा घाला, बॅच विभागणी (अपयशी गठ्ठा अर्धा-अर्धा करून पुन्हा चालवणं) चालू करा. अपयशी बॅच एसक्यूएसला (ॲमेझॉनची संदेशांची रांग) पाठवलीत तर तिथं तिचा फक्त पत्ता मिळतो, मूळ नोंद मुदतीच्या आत स्ट्रीममधूनच काढावी लागते.

काइनेसिसऐवजी काफ्का (तशाच कामाची मुक्त प्रणाली) असेल तर ॲक्स=ऑल (सगळ्या इन-सिंक प्रतींचा होकार आल्यावरच नोंद पोचली समजणं), तीन प्रती आणि किमान दोन इन-सिंक, म्हणजे अद्ययावत. ऑटो-कमिट बंद ठेवा, डेटाबेसात लिहून झाल्यावरच ऑफसेट (कुठवर वाचलं ती खूण) कमिट करा. अशानं काही नोंदी दोनदा येतील; केंद्र आणि वेळ मिळून युनिक की ठेवली की दुसरी आपोआप गळते.

मे महिन्यातच १२ तासांचा खोटा साठा एकदम सोडून चाचणी घ्या. मग रोज प्रत्येक केंद्राच्या १,४४० नोंदी आल्या का ते मोजा. कमी भरल्या तर न आलेल्या नोंदींच्या वेळा काढून तेवढ्याच नोंदी केंद्राकडून मागवा. त्यासाठी यंत्रात निदान ७ दिवसांच्या, म्हणजे १०,०८० नोंदी मावतील एवढी जागा हवी.