जबड्याच्या सांध्याचं स्कॅनिंग: या चुका टाळा

कानासमोर दुखतं, तोंड उघडताना 'कट्' असा आवाज येतो, सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पेशंटच्या हातात बऱ्याचदा एक फिल्म असते, पण जबड्याला हात लावून तपासणी अजून कुणीच केलेली नसते. पुढचा बराचसा गोंधळ यातूनच होतो. या भागातल्या दुखण्यात सगळ्यांत मोठा वाटा चावण्याच्या स्नायूंचा असतो. दुखरा स्नायू एक्स-रेत दिसत नाही, सीटीत दिसत नाही, आणि एमआरआयमध्येही सहसा दिसत नाही. तो बोटांनी दाबूनच सापडतो. जबड्याचा सांधा आणि चावण्याचे स्नायू यांच्या विकारांसाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या डीसी/टीएमडी या आंतरराष्ट्रीय निकषांतही स्नायूंच्या दुखण्याचं निदान पेशंटची हकिगत आणि हाताने केलेली तपासणी यांवरच होतं.

गाल आणि कानशील दाबून "तुमचं नेहमीचं दुखणं ते हेच का?" असं विचारायचं. तोंड पूर्ण उघडायला लावून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं. तोंड उघडताना हनुवटी कुठल्या बाजूला जाते ते पाहायचं. आवाज किती मिलिमीटरवर येतो हेही लिहून ठेवायचं. एवढं झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा: स्कॅनमध्ये काय दिसलं तर उपचार बदलतील? उत्तर सापडत नसेल तर स्कॅन थांबू शकतो. पेशंटनेही हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावा, त्यात उद्धटपणा काही नाही.

चुकीची तपासणी

ओपीजी (सगळे दात आणि जबडा एकाच फोटोत दाखवणारा एक्स-रे) नॉर्मल आला म्हणजे सांधा ठणठणीत, हा समज फार पसरलेला आहे. ओपीजीत किरण सांध्यावर तिरके पडतात, त्यामुळे कंडाईलचा, म्हणजे खालच्या जबड्याच्या वरच्या टोकाचा, आकार वेडावाकडा दिसतो आणि सुरुवातीची झीज सुटून जाते. फ्रॅक्चर, मोठी गाठ किंवा दुखण्याचं खरं मूळ असलेली दाढ शोधायला मात्र तो उपयोगी आहे. हाड नीट बघायचं तर सीबीसीटी, म्हणजे दात-जबड्यासाठीचा त्रिमितीय सीटी. जबडा हलवताना करकर येत असेल आणि हाड झिजल्याची शंका असेल तेव्हा ती करावी. पण सीबीसीटीत डिस्क, म्हणजे सांध्यातली कूर्चेची चकती, दिसतच नाही. डिस्क, सांध्यातलं पाणी आणि हाडाच्या आतली सूज हे एमआरआयचं काम. सोनोग्राफीत पाणी दिसतं, पण सांध्याचा आतला भाग हाडाआड राहतो आणि निष्कर्ष करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असतो.

एमआरआय करताना

सर्वाधिक नुकसान इथे होतं, आणि टाळणं सोपं असूनही होतं.

चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय जबडा' लिहू नये. 'टीएमजे (म्हणजे जबड्याचा सांधा), दोन्ही बाजू, तोंड मिटून आणि तोंड उघडून' असं स्पष्ट हवं. डोकेदुखीसाठी काढलेला मेंदूचा एमआरआय इथे चालत नाही. सांध्यासाठी ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप लागतात, आणि तेही कंडाईलच्या अक्षाला धरून तिरके घेतलेले. डावा आणि उजवा कंडाईल थोड्या वेगळ्या कोनात असतात, म्हणून प्रत्येक बाजूचे काप वेगळे जुळवावे लागतात.

उघड्या तोंडाच्या फोटोसाठी दातांमध्ये ठोकळा ठेवतात. सगळ्यांना एकाच मापाचा ठोकळा दिला की घोटाळा होतो. समजा पेशंट ४५ मिलिमीटर आ करू शकतो आणि त्याची डिस्क ३० मिलिमीटरवर 'कट्' करून जागेवर बसते. ठोकळा २० मिलिमीटरचा असेल, तर फोटोत डिस्क अजून पुढेच सरकलेली दिसणार. मग रिपोर्टमध्ये 'विदाउट रिडक्शन', म्हणजे जागेवर न येणारी डिस्क, असं लिहून येतं आणि पेशंट शस्त्रक्रियेच्या विचाराने धास्तावतो. म्हणून तोंड किती उघडलं होतं ते मिलिमीटरमध्ये रिपोर्टवर असायलाच हवं. स्कॅनला जाताना आपला आवाजाचा आकडा तंत्रज्ञाला सांगावा. दुखण्यामुळे आ करून स्थिर राहणं जमत नसेल तर तेही आधीच सांगावं, कारण जबडा थरथरला की फोटो पुसट येतो. दातांना स्टीलच्या तारा असतील तर त्यांच्यामुळेही चित्र बिघडू शकतं. शरीरात पेसमेकर किंवा कुठलंही धातूचं उपकरण असेल तर ते अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं.

रिपोर्ट वाचताना

'अँटिरियर डिस्क डिस्प्लेसमेंट', म्हणजे डिस्क पुढे सरकलेली, हे शब्द वाचून माणसं रात्रभर झोपत नाहीत. काहीही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले, तरी साधारण तिघांपैकी एकाची डिस्क सरकलेली सापडते. आवाज येतो, पण दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडतं, अशा माणसाला बहुतेक वेळा उपचारांची गरजच नसते. पेशंटचं दुखणं आणि फोटोतला दोष एकाच बाजूला आहेत का, हे पाहिल्याशिवाय त्या दोषाला जबाबदार धरू नये. आधी आवाज येत होता, तो अचानक थांबला आणि त्याच दिवसापासून तोंड ४० मिलिमीटरपेक्षा कमी उघडतंय, असं असेल तर मात्र डिस्क अडकल्याची शंका बळावते. तिथे एमआरआय खरोखर कामाला येतो.

हाडाच्या फोटोतही असेच चकवे आहेत. किशोरवयात कंडाईलचं बाहेरचं कठीण आवरण पूर्ण तयार झालेलं नसतं. ते व्हायला विशी ओलांडावी लागते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या सीबीसीटीत कडा अस्पष्ट दिसली म्हणून 'झीज' लिहिणं चूक आहे. मोठ्यांमध्येही कंडाईल नुसता चपटा दिसला तर ती झीज ठरत नाही. सांधा भाराप्रमाणे आकार बदलत असतो. कुरतडलेली कड, हाडाचं टोक वाढणं, पृष्ठभागाखाली पोकळी, या खुणा झिजेच्या.

आणखी एक चूक मला फार खटकते. कंडाईल कवटीच्या खळग्यात थोडा मागे दिसतो म्हणून मशिनने दात झिजवून चावा बदलायचा, किंवा लांबलचक उपचार सुरू करायचे. खळग्यातली ही जागा निरोगी माणसांतही खूप वेगवेगळी असते. केवळ त्यावरून कायमचे बदल कुणी सुचवत असेल, तर दुसरं मत जरूर घ्या.

जिथे थांबायचं नाही

ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, गालावर वाढती सूज, ताप, दिवसेंदिवस कमी उघडणारं तोंड, विनाकारण घटलेलं वजन, मार लागल्यावर बदललेला चावा: अशा वेळी स्कॅन लवकर हवा. पन्नाशीनंतर नव्यानेच कानशील दुखू लागलं, चावताना जबडा थकतो आणि नजर अंधूक होते, तर सांध्याच्या फोटोमागे न लागता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ती कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि आपण थांबलो की दुखणंही थांबतं, तर आधी हृदय तपासायचं.

मुलांच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. संधिवात असलेल्या मुलाचा जबडा दुखत नसला, तरी आत सूज असू शकते आणि हनुवटीची वाढ खुंटू शकते. तिथे कॉन्ट्रास्ट (सूज ठळक दाखवणारं शिरेतून दिलेलं औषध) देऊन केलेल्या एमआरआयचा विचार करावा लागतो. चेहरा एका बाजूला सरकत चालला असेल, तर वाढ अजून चालू आहे का हे पाहायला बोन स्कॅन करतात, ज्यात किरणोत्सारी औषध दिल्यावर वाढतं हाड उजळ दिसतं. पण सूज असलेला सांधाही त्यात उजळतो. म्हणून जुने फोटो आणि दातांचे साचे शेजारी ठेवल्याशिवाय त्या एका स्कॅनवर शस्त्रक्रियेची वेळ ठरवू नये.