ट्रॅक आणि रस्ता या दोन्हींसाठी ब्रेक फ्लुइड निवडताना

एकच गाडी रोजच्या रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर चालवणाऱ्याने ब्रेक फ्लुइड घेताना बाटलीवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याला भुलू नये. तो बहुधा ड्राय बॉयलिंग पॉइंट, म्हणजे नव्या, कोरड्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू असतो. ग्लायकॉल ईथरवर आधारलेले फ्लुइड मात्र रबरी होज आणि टाकीच्या झाकणातून हवेतला ओलावा हळूहळू शोषत राहते आणि तसतसा हा बिंदू खाली येतो. सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळलेल्या अवस्थेतला आकडा म्हणजे वेट बॉयलिंग पॉइंट, आणि महिनोन्‌महिने रस्त्यावर फिरून मग ट्रॅकवर उतरणाऱ्या गाडीसाठी माझ्या मते तोच आधी पाहावा.

डॉट ही ब्रेक फ्लुइडची प्रमाणित श्रेणी; त्यातल्या डॉट ४ साठी उत्कलनबिंदूची किमान मर्यादा कोरड्या अवस्थेत २३० आणि ओल्या अवस्थेत १५५ अंश सेल्सियस आहे; डॉट ५.१ साठी ती अनुक्रमे २६० आणि १८० आहे. या केवळ किमान मर्यादा असल्यामुळे एकाच श्रेणीतल्या दोन बाटल्यांत मोठा फरक असू शकतो. ट्रॅकसाठी बनवलेल्या काही डॉट ४ फ्लुइडचा कोरडा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्याही वर असतो, म्हणून ५.१ हा आकडा मोठा दिसतो एवढ्यावरून ते फ्लुइड सरस ठरत नाही. त्याचा खरा गुण थंडीतल्या पातळपणात आहे: उणे ४० अंशांना डॉट ४ ची स्निग्धता (दाटपणा) १८०० चौरस मिलिमीटर प्रतिसेकंदपर्यंत चालते, तर ५.१ ची ९०० च्या आत असावी लागते. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) यांचे व्हॉल्व्ह झपाट्याने उघडझाप करत असल्याने, गाडीच्या पुस्तिकेत कमी स्निग्धतेचे फ्लुइड सांगितले असेल, तर ती अट सोडू नये.

डॉट ५ हे सिलिकोनवर आधारलेले असून ते बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएस असलेल्या गाड्यांसाठी सहसा योग्य नसते; ते इथे बादच समजावे.

महागडे फ्लुइड घेण्याआधी दोष नक्की कुठे आहे हे ओळखावे. काही लॅपनंतर पेडल घट्टच लागते पण गाडी थांबत नाही, तर बहुधा ब्रेक पॅड (चाकाच्या चकतीवर घासून गाडी थांबवणारे तुकडे) तापलेले असतात. पेडल मऊ पडून खाली जात असेल, तर कॅलिपरमधले (पॅड दाबणाऱ्या भागातले) फ्लुइड उकळले असण्याची शक्यता मोठी, कारण द्रव जवळजवळ दबत नाही, पण वाफ सहज दबते. पहिल्या प्रकारात फ्लुइड बदलून काहीच साधणार नाही.

ओल्या अवस्थेतला आकडा चांगला असलेले फ्लुइड वर्षभर निभावू शकते. निव्वळ कोरड्या आकड्यावर निवडलेले फ्लुइड मात्र प्रत्येक ट्रॅक दिवसाआधी बदलायची तयारी असेल तरच घ्यावे. पेडल एकदा मऊ पडले असेल, तर कोणतेही फ्लुइड असो, ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा आणि जुने फ्लुइड बाहेर काढणे) करून पेडल पुन्हा घट्ट लागल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. फ्लुइडच्या रंगावरून ओलाव्याचा अंदाज बांधू नये. उत्कलनबिंदू थेट मोजणारे उपकरण अधिक भरवशाचे.

बाटली शक्यतो लागेल तेवढ्याच मापाची घ्यावी, कारण उघडून ठेवलेले उरलेले फ्लुइड पुढच्या वेळी कोरडे राहिलेले नसते. ब्लीडिंग करताना ते गाडीच्या रंगावर सांडले, तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. रंग उखडायला त्याला फार वेळ लागत नाही.