ऊन आणि एक व्होल्ट : रंगीत पाणी साफ करणारी काच

टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या पावडरीवर ऊन पडलं की त्यात इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे धन भाराची जागा उरते. पाण्यातला रंग तोडायचं काम ही जागा करते. पण बहुतेक इलेक्ट्रॉन लगेच परत येऊन ती जागा भरून टाकतात. म्हणून तिचा लेप काचेवर द्यायचा आणि थोडा विद्युतदाब देऊन इलेक्ट्रॉन तारेतून बाहेर ओढायचे.

काच एफटीओची (एका बाजूला वीज वाहणारा पारदर्शक थर असलेली) घ्या, २५ × ५० मिमी. मल्टिमीटरने ती वीज वाहणारी, म्हणजे मोजता येईल इतका रोध दाखवणारी बाजू शोधा. लेप त्याच बाजूला. साबण, डिस्टिल्ड वॉटर, अ‍ॅसिटोन या क्रमाने धुवा. मास्क लावून २ ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड पावडर खलात घ्या. ३ मिली पातळ अ‍ॅसिटिक आम्ल (पीएच ३ ते ४) थेंबाथेंबाने घालत घोटा, शेवटी एक थेंब लिक्विड सोप. काचेच्या दोन कडांना आणि क्लिपसाठी वरच्या १० मिमी पट्टीला सेलोटेप लावा आणि काचकांडीने लेप एकाच हाताने ओढा. सुकल्यावर टेप काढून मफल भट्टीत (प्रयोगशाळेतली बंद विजेची भट्टी) ४५० अंश सेल्सिअसवर अर्धा तास. लेप आधी तपकिरी पडतो, मग पुन्हा पांढरा होतो. तेव्हा साबण जळून गेला असं समजा. काच भट्टीतच गार होऊ द्या. घाईने बाहेर काढली किंवा लेप जाड झाला, तर पापुद्रे सुटतात.

१०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये १.४२ ग्रॅम सोडियम सल्फेट आणि ०.५ मिग्रॅ मेथिलीन ब्लू (चाचणीचा निळा रंग) विरघळवा. मीठ वापरू नका. त्यातून क्लोरीन तयार होऊन रंग उडतो आणि श्रेय फुकट लेपाला जातं. बोअरचं पाणीही नको, त्यातलं बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे लेपावर पाण्यातून तयार होणारे रंग तोडणारे कण, खाऊन टाकतं. सांगलीत हळद हाताशी असते, पण हळदीचा रंग नुसत्या उन्हातही उडतो. चाचणीला ती निरुपयोगी.

लेपाची काच धन टोकाला, स्टीलची पट्टी ऋण टोकाला, दाब १ व्होल्ट. क्रोकोडाइल क्लिप पाण्याबाहेरच राहू द्या. भिजली की तांबं विरघळून सगळं बिघडतं. आधी अर्धा तास अंधारात ठेवा, म्हणजे लेपाला नुसता चिकटणारा रंग चिकटून जाईल. मग सकाळी ११ ते दुपारी २ च्या उन्हात, लेप सूर्याकडे करून. मायक्रोअ‍ॅम्पिअर मोजत काचेवर हाताची सावली धरा. प्रवाह तत्काळ खाली आला पाहिजे. हललाच नाही तर टोकं उलटी जोडलीत किंवा लेप चुकीच्या बाजूला आहे.

सोबत तीन बीकर हवेतच : लेपाशिवाय उन्हात, लेपासह अंधारात, आणि लेपासह उन्हात पण दाबाशिवाय. मेथिलीन ब्लू स्वतःही उन्हात थोडा फिकटतो, त्यामुळे या तिघांशिवाय निकाल सांगूच नये. दर १५ मिनिटांनी ६६० नॅनोमीटरवर कलरिमीटरचं (रंगाची गडदता मोजणारं यंत्र) वाचन घ्या आणि नमुना परत ओता. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटरनेच भरा.

रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही, रंगाच्या रेणूचे तुकडे पाण्यातच असू शकतात. त्यासाठी सीओडी (पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन) मोजावा लागतो. कापड रंगवण्याच्या कारखान्यांच्या गडद पाण्यात तर ऊन लेपापर्यंत पोचतच नाही. तिथे आधी गाळ बसवणं आणि जैविक प्रक्रिया, आणि ही काच अगदी शेवटच्या टप्प्यावर.