रामन मायक्रोस्कोपी: पीक भरघोस, पण शेत कुणाचं?

रामन मायक्रोस्कोपीत नमुन्यावर लेझर टाकून, विखुरलेल्या प्रकाशावरून त्यातले रेणू ओळखतात. ऊतीच्या माझ्या पहिल्याच सेक्शनवर (पातळ कापावर) १०६३, ११३३, १२९६ आणि १४४१ या वेव्हनंबरला (प्रकाशाने किती ऊर्जा गमावली त्याचं माप) इतके सुरेख पीक (आलेखातले सुळके) आले, की मी ते लिपिडचे (चरबीसारख्या पदार्थांचे) म्हणून वहीत नोंदवूनही टाकले. तीन आठवडे त्याच खुशीत गेले. मग लॅबमधल्या एका ताईने नुसत्या मेणाचा स्पेक्ट्रम घ्यायला लावला. तेच चार, जागच्या जागी! सेक्शनमधलं पॅराफिन (कापण्याआधी ऊती ज्यात बसवतात ते मेण) पुरतं निघालंच नव्हतं. लिपिड आणि मेण दोन्हींत कार्बन-हायड्रोजनच्या लांबलचक साखळ्या, त्यामुळे फसायला होतंच.

लेझरचा विखुरलेला प्रकाश जवळजवळ सगळा आहे त्याच रंगाचा असतो. साधारण कोटीत एखादा फोटॉन रेणूच्या कंपनाला थोडी ऊर्जा देऊन वेगळ्या रंगाचा होतो. हा १९२८ साली सापडलेला रामन परिणाम. किती ऊर्जा गेली यावरून रासायनिक बंध ओळखतात. रंगद्रव्य लावावं लागत नाही. पण एवढासा सिग्नल काचेच्या किंवा ऊतीच्या स्वतःच्या फ्लुरोसन्सखाली (लेझर पडल्यावर पदार्थ स्वतः चमकतो त्या उजेडाखाली) सहज बुडतो. म्हणून स्लाइड कॅल्शियम फ्लोराइडची किंवा क्वार्ट्झची घ्या. ७८५ नॅनोमीटरच्या लेझरने फ्लुरोसन्स बराच घटतो, मात्र ५३२च्या तुलनेत रामन सिग्नलही जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. यकृतासारख्या चमकणाऱ्या ऊतीसाठी मी तरी डोळे झाकून ७८५ निवडते.

आता रोज आधी यंत्राचं माप बरोबर आहे ना हे पाहायला सिलिकॉनचा ५२०च्या आसपासचा पीक बघते, मग रिकामी स्लाइड, मग मेण. नमुना शेवटी. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

पुढे स्टिम्युलेटेड रामनकडे (दोन लेझर मिळून हाच सिग्नल वाढवतात त्या पद्धतीकडे) वळलात, तर लेझर दोन. एक १०४० नॅनोमीटरवर ठेवून दुसरा ७९७वर नेला की दोघांच्या वेव्हनंबरमधला फरक २९३० भरतो आणि मुख्यतः प्रथिनं दिसतात; ८०२वर नेला की २८४५च्या आसपास लिपिड उजळतात. चित्र काही सेकंदांत मिळतं, पण दोन्ही लेझरच्या पल्स (प्रकाशाचे क्षणिक झोत) एकाच ठिकाणी, एकाच क्षणी पोचल्या तर. एका पिकोसेकंदात (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात) प्रकाश ०.३ मिलिमीटर जातो. डिले स्टेज (एका किरणाची वाट लांब-आखूड करणारा सरकता भाग) तेवढी सरकली की पडदा काळा. मी अख्खा दिवस डिटेक्टरला दोष देत बसले होते. अशा वेळी ऊती बाजूला काढा आणि तेलाचा थेंब ठेवून डिले स्टेज हळूहळू सरकवा. तेलात लिपिड ठासून भरलेलं, त्यामुळे पल्स जुळल्या की लगेच कळतं.

आणि हो, ८००चा किरण कागदावर फिकट लाल दिसतो, म्हणून त्याला दुबळा समजू नका. १०४०चा तर दिसतच नाही. या दोन्ही तरंगलांबींना चालणारा गॉगल घालूनच टेबलाजवळ जा.